झिपरीचं पिल्लू

व्यंकटीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. जाग आल्या आल्या तो बाजेवरून पाय खाली सोडत नाही. उशाची बॅटरी लावून आधी बाजेखाली बघतो, मग दाराचा कोपरा, मग चपला. चपला काठीनं उलट्या करतो, झटकतो आणि मगच उतरतो. बैलांना वैरण, शेण, पाणी, गोठ्याची झाडलोट. सहाला म्हशीची धार. सातला दूध गावात पोचलेलं असतं. तोवर त्याचं तीन तासांचं काम झालेलं असतं आणि मालक आदिनाथराव अजून दात घासत असतात.

मी रेल्वेत तेहेतीस वर्षं गँगमध्ये होतो. मुदखेडपासून किनवटपर्यंतची लाइन ठोकली, उपसली, सरळ केली. कोण खपतो आणि कोण खपल्यासारखं दाखवतो, हे मला लांबून कळतं. व्यंकटी खपतो. माझं दोन एकर रान त्याच्या मालकाच्या रानाला लागून आहे, म्हणून हे मला रोज दिसतं.

तो सालगडी आहे. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला सुटतं. राहणं आखाड्यावर, म्हणजे शेतातच. एक पत्र्याची खोली, पुढं गोठा, बाजूला विहीर. भोकरहून उमरीकडं जाताना रस्त्यावरून तो पत्रा दिसतो.

आधी तिथं दोघं राहत होती. बायको सिंधू तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेली. त्यांचा मुलगा वैजनाथ चाकणला कंपनीत आहे. सून बाळंत झाली तेव्हा सिंधू दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. मग सूनही कामाला लागली. लेकराला बघायला घरात माणूस पाहिजे. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. तिला तिकडून हलता येत नाही, याला इकडून. साल सोडलं तर खायचं काय, आणि नाही सोडलं तर जायचं कसं.

झिपरी कुत्री सिंधूची. उमरीच्या बाजाराहून येताना रस्त्याच्या कडेला सापडलेलं पिल्लू तिनं पदरात घालून आणलं होतं. शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून पाजली, जगवली. सिंधू जेवायला बसली की झिपरी समोर. रान निंदायला गेली की झिपरी बांधावर. सिंधू पुण्याच्या गाडीत बसली त्या दिवशी झिपरी फाट्यापर्यंत मागं आली आणि एसटी गेल्यावरही दुपारपर्यंत तिथंच बसून राहिली. व्यंकटीनं उचलून आणली.

सिंधूचा फोन रोज संध्याकाळी साडेपाचला येतो. नातू सत्यम त्या वेळी झोपलेला असतो. फोन आला की पहिलं बोलणं ठरलेलं.

"जेवण झालं का?"

"आत्ता? साडेपाच वाजून राहिले."

"तुमाला न्हाई इचारलं. झिपरी जेवली का?"

व्यंकटी हसायचा आणि फोन कुत्रीच्या कानाला लावायचा. तिकडून सिंधू काहीतरी बोलायची. झिपरी मान वाकडी करून ऐकायची. मी बांधावर बसून हे बघायचो. नवऱ्याशी तिचं बोलणं त्यानंतर दोन-तीन मिनिटांचं. पाऊस झाला का, म्हैस किती दुधावर आली, पाठ दुखते का.

आता सापाचं सांगतो. आमच्याकडं नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपवास धरतात. सिंधूला सख्खा भाऊ नाही. लहानपणी आईनं तिला सांगितलं, नागोबा तुझा भाऊ. तेव्हापासून उपवास त्याच्यासाठी. त्यामुळं व्यंकटीनं लग्नानंतर एकही साप मारला नाही. गावात याची मस्करी चालते. अंगद नावाचा एक मजूर आहे, जिभेला हाड नसलेला. तो लांबूनच ओरडतो, "दाजी, तुमचा मेव्हणा विहिरीवर येऊन बसलाय. च्या टाका की!"

"मेव्हणा हाय, बसू दे," व्यंकटी म्हणतो. "तू कामून बेजार झालास?"

गेल्या वर्षी श्रावणात, पंचमी होऊन तीन दिवस झाले होते. सकाळचे आठ. खोलीच्या भिंतीला तुराट्यांचा ढीग लावलेला होता, दोन वर्षांचा जुना. सरपणाला लागतात म्हणून साठवतात, वरच्या जळतात, खालच्या तशाच कुजतात. झिपरी तिथं भुंकायला लागली. तिला तेव्हा दोन महिन्यांचं एक पिल्लू होतं. बाकीची लोकांनी नेली होती, एक काळं कुळकुळीत उरलं होतं. ते ढिगाकडं गेलं म्हणून ती मधे पडली. व्यंकटी पोचला तोवर नाग ढिगात परत शिरत होता आणि झिपरी पुढचा पाय वर धरून उभी होती.

त्यानं मला हाक मारली. मी धावत गेलो. आणि मीच म्हणालो, "मारुतीला ने."

हे मी लिहिलं पाहिजे. आमच्याकडं साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर नेतात आणि लिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलं नाही. गोड लागला तर चढलं. मी हे लहानपणापासून बघितलेलं. रेल्वेत दवाखाना बघितला, सुई बघितली, तरी त्या वेळी तोंडातून निघालं ते मारुतीच.

आम्ही झिपरीला पारावर ठेवलं. कोणी नारळ आणला. अंगदनं लिंबाची डहाळी तोडून आणली. पाला तिच्या तोंडात कोंबला. तिनं थुंकून टाकला. परत कोंबला. सात-आठ माणसं कुत्रीच्या तोंडाकडं बघत उभी.

"थुकली म्हणजे कडू लागलं," एक जण म्हणाला.

"अरे, कुत्रं पाला कवा खातंय?" दुसरा म्हणाला. "इख नसतं चढलं तरी थुकलीच असती."

"मग इचार की तिला, कडू हाय का गोड," अंगद म्हणाला. दोघं-तिघं हसले. व्यंकटी हसला नाही. तो तिच्या तोंडात पाला धरून बसला होता.

पावणेदोन तास आम्ही पारावर काढले. मग तिचे मागचे पाय लुळे पडले, तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांच्या पापण्या वर उचलेनात. तेव्हा कोणीतरी जीपचं बोललं. जनावरांचा दवाखाना भोकरला, आमच्यापासून वीस मिनिटांवर. झिपरीला जीपमध्ये चढवायच्या आधीच तिचा जीव गेला.

व्यंकटीनं तिला बांधावर पुरलं. खड्डा कमरेइतका खोल. कुत्र्यासाठी एवढा खड्डा कोणी काढत नाही. काळी माती ओली होती, चिकट. एकट्यानं काढला, मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी साडेपाचला फोन आला. "झिपरी जेवली का?"

"जेवली," तो म्हणाला.

अकरा दिवस तो जेवली म्हणाला. फोन तिच्या कानाला लावा म्हटलं की म्हणायचा, रानात गेलीय, इथं न्हाई. बाराव्या दिवशी सिंधू म्हणाली, "खरं सांगा." त्यानं सांगितलं. लिंबाचा पालाही सांगितला. मी शेजारी होतो.  मग तिचा आवाज एवढा मोठा झाला की मला फोनबाहेर ऐकू आला.

"गडी माणसं तुमी! एक मुकं जनावर, अन् त्याला कडू का गोड इचारत बसले! पिल्लू हाय का ते पण घालवलं?"

"हाय."

"मग ते तरी नीट ठिवा. ते पण गेलं तर मला तिकडं यायला काय ठिवलंय?"

रागात माणूस काहीही बोलतो. घटकाभरानं तीच विसरली असेल. पण व्यंकटीनं ते वाक्य धरलं. मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अण्णा, पिल्लू गेलं तर ती येणार न्हाई."

मी म्हणालो, "रागात म्हणली रे."

"म्हणली तर हाय न्हवं," तो म्हणाला.

पिल्लाचं नाव मी ठेवलं, डांबऱ्या. रंग तसाच.

भोकरला जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, लुंबिनी मॅडम. वयानं तिशीच्या. व्यंकटी सुट्टी काढून त्यांच्याकडं गेला, पिल्लाला सुई द्यायच्या निमित्तानं, आणि साप कसा लांब ठेवायचा ते विचारून आला. त्यांनी हसून घालवलं नाही. कागदावर लिहून दिलं. व्यंकटीला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी वाचून दाखवलं. उंदीर असेल तिथं साप येणार, म्हणून आधी उंदीर हटवा. भिंतीला लागून काही रचू नका. गवत वाढू देऊ नका. कुत्र्याचं उष्टं भांड्यात राहू देऊ नका. तांबडं फुटताना आणि दिवे लागताना कुत्रं मोकळं सोडू नका. आणि चावलंच, तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चालवायचं नाही. उचलून थेट दवाखान्यात. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

हे सगळं मालकाचं काम संपल्यावर करायचं होतं. मालकाचं काम सहाला संपतं. उजेड सातपर्यंत.

पहिले चार दिवस तुराट्या. ढीग एकदम ओढायचा नाही, लांब आकडीनं वरून एकेक पेंढी काढायची, हे मी त्याला दाखवलं. लाइनवर रुळांखालचे जुने स्लीपर आम्ही तसेच हलवायचो. तळाशी नाग नव्हता, पण कात होती आणि उंदरांची बिळं होती, अकरा. त्यानं ढीग साठ पावलं लांब नेला आणि दगडांवर फळ्या टाकून गुडघाभर उंच रचला. मग बिळं. दगड ठोकले, वरून काचा आणि चिखल, वरून मुरूम. मग गवत, खोलीच्या चारही बाजूंना वीस पावलं. विळ्यानं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी परत तेवढंच. मग दाराखालची फट. मग ज्वारीची पोती जमिनीवरून उचलून पत्र्याच्या कोठीत. कोंबड्यांचं खुराडं गोठ्याच्या पलीकडं. डांबऱ्यासाठी जुन्या बाजेचे पाय कापून लाकडी खाट. खोलीपासून विहिरीपर्यंत त्यानं एक तार ताणली आणि साखळीचं कडं त्या तारेत ओवलं, म्हणजे बांधलेलं असलं तरी कुत्रं फिरतं. तार माझी होती. ताण त्यानं दिला, चांगला दिला. अजून झोल पडलेला नाही.

आदिनाथराव एकदा बघून गेले. "व्यंकटी, तू माझा गडी हायस का कुत्र्याचा?"

"दिवसा तुमचा, मालक."

मालक गोठ्यात नजर टाकून निघाले. काम कुठं अडलेलं नव्हतं.

सिंधूला तो रोज त्यातलं थोडं सांगायचा. "आज फट बुजवली." "आज तार ताणली." ती म्हणायची, "बरं." मग एक दिवस म्हणाली, "मी असते तर तुराट्या चुलीत जळून तरी गेल्या असत्या." तो त्या वाक्यावर दोन दिवस खूश होता.

डांबऱ्याला तिनं कधी बघितलं नव्हतं. व्यंकटीचा फोन साधा. मी माझ्या फोननं फोटो काढून वैजनाथला पाठवायचो. ती म्हणायची, "झिपरीवाणी मान करतंय."

या पाडव्याला साल ठरवताना व्यंकटीनं मालकाकडं एकच गोष्ट मागितली, दिवाळीला आठ दिवस सुट्टी. पुण्याला जायचं. गुरं अंगद बघणार होता. सालाचे पैसे घरखर्चाला आणि पाठीच्या जुन्या दुखण्याला जातात, त्यातून काही उरत नाही. म्हणून तो शनिवारी मालकाचं काम लवकर उरकून दुपारी भोकरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलायला जाऊ लागला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पन्नास-साठ किलोचं पोतं पाठीवर, फळीवरून ट्रकमध्ये. त्याच्या अर्ध्या वयाची पोरं तिथं दमतात. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. तो घाई करत नव्हता, थांबतही नव्हता. पाऊल फळीच्या मधोमध. ते पैसे वेगळे, बंडीच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिकीट मी काढून देणार होतो. सिंधूला लुगडं नको, साडीच घ्यायची, एवढं त्यानं ठरवलं होतं. रंग ठरत नव्हता.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं. आभाळ भरून आलं, मजुरांनी घाईनं काढलेल्या सोयाबीनची जवळ पडेल तिथं गंजी घातली आणि वर ताडपत्री ओढली. ती गंजी पडली खोलीच्या मागच्या भिंतीला लागून. व्यंकटी तेव्हा बैलगाडीवर होता. आल्यावर त्यानं बघितलं आणि मालकांना फोन केला.

"मालक, गंजी हलवतो."

"दोन दिवसांत मळणीयंत्र येऊन राहिलं. कशाला डबल मजुरी?"

"मी हलवतो, एकटा."

"भिजलं म्हणजे? राहू दे."

दोन दिवसांचे पाच झाले. पाचही दिवस डांबऱ्या तारेला बांधलेला. सहाव्या दिवशी दुपारी बाराला यंत्र आलं. तो आवाज, ती धूळ, अनोळखी माणसं. डांबऱ्या साखळीला एवढे हिसके द्यायला लागला की गळ्याला पट्टा रुतला. व्यंकटीनं त्याला सोडलं. दिवसाढवळ्या, दहा माणसांत, काय होणार, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं असतं.

गंजीचा शेवटचा थर उचलला तेव्हा घोणस निघाली. जाड, हातभर, कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारत. बाया ओरडल्या. डांबऱ्या गेला आणि थोबाडावर चावून घेऊन परत आला.

"मारुतीला न्या!" कोणीतरी ओरडलं. अंगद सवयीनं लिंबाकडं धावला.

"अंगद्या, डहाळी तोडलीस तर हात मोडीन," मी म्हणालो.

 व्यंकटीनं पोतं घेतलं, डांबऱ्याला त्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि माझ्या मोटारसायकलवर बसला. मी गाडी काढली. रस्ता खराब. मी खड्डे चुकवत होतो, तो मागून म्हणत होता, "हळू न्हाई, अण्णा. सरळ. त्याला हलू देऊ नका." बावीस मिनिटं लागली. तोवर कुत्र्याचं थोबाड दुप्पट झालं होतं आणि नाकातून रक्त यायला लागलं होतं.

लुंबिनी मॅडमनी पहिलं विचारलं, "काका, बांधलं का? कापलं का?"

"न्हाई. तुमी न्हाई म्हणल्या."

"चालवलं?"

"उचलून आणलं."

"शाब्बास," त्या म्हणाल्या. चिठ्ठी लिहून दिली, मी औषधाच्या दुकानातून सापाच्या विषावरचं सीरम आणलं. त्यांनी डांबऱ्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी केली. "वीस मिनिटं हात लावायचा नाही. रक्त गोठलं पाहिजे. घोणसेचं विष ते गोठू देत नाही."

वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

सीरमच्या दोन बाटल्या सलाइनमधून गेल्या. सहा तासांनी परत नळी. अर्धवट. आणखी दोन. व्यंकटी बाकावर बसला नाही. कुत्र्याच्या डोक्याखाली हात ठेवून टेबलाजवळ उभा होता, सकाळी चारपासूनचे पाय घेऊन. बाटली लागेल म्हटलं की बंडीत हात घालून पिशवी माझ्याकडं द्यायचा. मोजायचा नाही.

मधे साडेपाच वाजले तेव्हा फोन आला होता. या वेळी त्यानं पहिल्या वाक्यात सांगितलं. "डांबऱ्याला घोणस चावली. दवाखान्यात हावो."

"पाला खाऊ घातला?"

"न्हाई."

"खरं?"

"अण्णांना इचार."

मी फोन घेतला आणि खरं आहे म्हणालो. तिकडं सत्यम रडत होता. ती त्याला गप बस म्हणत होती आणि स्वतःच नाक ओढत होती. मग म्हणाली, "त्यांना द्या." त्यानं फोन घेतला, नुसता कानाला धरून उभा राहिला.  फोन कोणीच बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या दोन बाटल्या दिल्या. दुपारी नळी तिरकी केली तेव्हा रक्त तळाला घट्ट बसलं होतं, हललं नाही. मॅडमनी नळी पूर्ण उलटी करून दाखवली. व्यंकटीनं ती हातात मागून घेतली आणि स्वतः उलटी करून बघितली.

संध्याकाळी त्यानं सिंधूला सांगितलं, जगला. ती हसली. मग विचारलं, "दिवाळीला कोणत्या गाडीनं येऊन राहिले? सत्यम स्टेशनवर यायचं म्हणतोय."

"येणं हुईल असं वाटत न्हाई," तो म्हणाला.

ती समजली. पैशाचं विचारलं नाही. "बरं," म्हणाली. मग म्हणाली, "पोराची शाळा लागू द्या. जूनमधे येते मी." असं ती तीन वर्षं म्हणते आहे. व्यंकटी म्हणाला, "ये. गवत काढून ठिवतो."

मोंढ्यात सगळा उन्हाळा आणि पावसाळा उचललेल्या पोत्यांची मजुरी त्या दोन दिवसांत गेली. सहा बाटल्या सीरम, चार सलाइन, सुया आणि एक गळ्याचा पट्टा, रुतणार नाही असा.